रिकामी दमणी

आमच्याकडे नवरा पुढे चालायचा आणि बायको मागे, दहा पावलं सोडून. पाच पावलांवर चालली तर बाई आगाऊ आणि वीस पावलांवर राहिली तर आळशी. पुरुषाचं काम एकच, नाकासमोर चालायचं. मागे वळून बायकोकडे बघणारा कोणी दिसला की पारावरची रिकामटेकडी मंडळी त्याला 'बाईलवेडा' ठरवून मोकळी होत, आणि एकदा चिकटलेलं नाव त्याच्या नातवंडांपर्यंत जाई. माझं लग्न झालं तेव्हा मी चौदा वर्षांची होते. पुढची पाच वर्षं मी नवऱ्याची पाठ इतकी नीट पाहिली की शंभर माणसांतून ती ओळखली असती. तोंडाबद्दल मात्र तेवढी खात्री देता आली नसती.

ही गोष्ट दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या दोन-तीन वर्षं आधीची. आमचं गाव नंदुरबारपासून पाच-सहा कोसांवर, तापीच्या अलीकडच्या काठाला. घर शेतकऱ्याचं, खाऊनपिऊन सुखी. त्या वर्षी यांना नंदुरबारच्या एका जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस तोलायच्या काट्यावर हंगामापुरती नोकरी लागली. सातवी पास झालेले आमच्या भाऊबंदांत हे एकटेच. यांच्या भाकरीची आबाळ नको म्हणून मला बरोबर धाडलं. माझ्या सुखासाठी धाडलं असा गैरसमज मी कधीच करून घेतला नाही. दिवाळीनंतर गेलो ते होळीपर्यंत, स्टेशनाकडच्या एका आळीत आम्ही एका खोलीत राहिलो.

सासूला सगळं घर 'माय' म्हणे, म्हणून मीही म्हणे. मायनं भांड्यांच्या बोचक्यात एकच ताट बांधून दिलं होतं. घरच्या रीतीप्रमाणे ते बरोबरच होतं, कारण यांचं जेवण झाल्यावर मी त्याच ताटात जेवायची. पण खोली एवढीशी. चुलीशेजारीच पाट, मी भाकरी थापणार आणि हे माझ्याकडे बघत घास घेणार. तिसऱ्या की चौथ्या दिवशी यांनी ताट मधोमध सरकवलं.

"दोन्हीजन खाऊत ना," हे म्हणाले. "अठे कोण दखी ऱ्हायनं?"

खरंच कोणी बघत नव्हतं. त्या दिवसापासून आम्ही एका ताटात जेवलो. जेवताना हे जिनातल्या गमती सांगत, मी विहिरीवरच्या. रात्रीचं आवरून झालं की पाटी घेऊन मला अक्षरं गिरवायला बसवत. घरात आमची बोली अहिराणी. ही जी शाळेतली मराठी मी आज लिहिते आहे ती त्या पाटीवरची. 'ळ' काढताना मी जीभ बाहेर काढते म्हणून हे मला चिडवत, आणि अजूनही मी ती काढते.

चार महिन्यांत मला नवरा मिळाला होता. गावी परतलो की तो पुन्हा घरचा मुलगा होणार आणि माझ्या वाट्याला पाठ येणार, ही एक भीती माझ्या मनात घर करून होती. बाकी मी कशाला भिणारी बाई नव्हते.

होळी होऊन आठ दिवस झाले आणि हंगाम संपला. आम्हाला न्यायला गावाहून सालदार दमणी घेऊन आला. दमणी म्हणजे बायकामाणसांसाठी छत आणि पडदे लावलेली बैलगाडी, आणि सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतावर राहिलेला आमचा जुना गडी. तिसऱ्या प्रहरी निघायचं ठरलं. सकाळीच सामान गाडीतळावर नेऊन दमणीत टाकलं, खोलीला शेवटचा झाडू मारला आणि किल्ली घरमालकिणीच्या हातात दिली. आता दुपार उलटेपर्यंत आम्ही दोघं मोकळे होतो.

"आज समदं नंदुरबार दखाडस तुले," हे म्हणाले. चार महिने त्या गावात राहून मी आळी, विहीर आणि समोरच्या घराची भिंत एवढंच पाहिलं होतं.

"मांगे चालू का संगे?" मी विचारलं.

"संगे. अठे आपले कोण वळखस?"

मी पदर डोक्यावर नीट घेतला आणि यांच्या बरोबरीनं चालायला लागले. पहिली पन्नास पावलं मला चालताच येईना. सारखी मागे पडायची आणि पळत गाठायची. मागे चालायचा सराव मोडायला सुद्धा वेळ लागतो.

आधी स्टेशन पाहिलं. सुरतेकडून गाडी आली तेव्हा इंजिनाच्या फुसकाऱ्यानं मी यांचा सदरा धरला आणि गाडी निघून गेल्यावरही थोडा वेळ धरून ठेवला. फलाटाबाहेर गोळीच्या बाटलीतला सोडा मिळत होता. यांनी अंगठ्यानं गोळी दाबून बाटली माझ्या हातात दिली. मी पाण्यासारखा घटाघटा प्यायले आणि असा ढेकर आला की शेजारी बसलेला हमाल उठून उभा राहिला. हे इतके हसले की यांना बसावं लागलं. घरी हे असे हसल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं. ओसरीवर हे मोजकंच हसत, आणि तेही आबा, म्हणजे माझे सासरे, आधी हसले तर.

मग जिन. यंत्रं बंद, धुराडं गार, आवारात कापसाचं बोंडसुद्धा नाही. पहारेकरी यांच्या ओळखीचा. त्यानं आत सोडलं आणि तंबाखू मळत पाठ फिरवली. यांनी तो मोठा काटा दाखवला ज्याच्याशेजारी यांचे चार महिने गेले होते. मग म्हणाले, बस. मी बसले. यांनी दुसऱ्या बाजूला वजनं चढवली, डोळा बारीक करून काटा पाहिला आणि अगदी कारकुनी आवाजात सांगितलं, "सव्वा मण. त्यामा पाव मण जीभ."

बाजारात मी पाट्या वाचल्या. एकही सोडली नाही. न्हाव्याची, शिंप्याची, औषधवाल्याची, अक्षर अक्षर लावून, मोठ्यानं. लोक वळून बघत, पण हे प्रत्येक पाटीपाशी थांबत आणि मी अडले की नुसतं ओठ हलवून सुरुवात करून देत. 'शुद्ध तुपाची मिठाई' ही पाटी मी एका दमात वाचली तेव्हा यांनी माझ्या कानाशी येऊन सांगितलं की अक्षरं शुद्ध आहेत, तुपाची खात्री नाही.

गावाबाहेर मिरच्यांच्या पथाऱ्या पडल्या होत्या. नजर जाईल तिथवर जमिनीवर लाल मिरची वाळत घातलेली. वाऱ्याची एक झुळूक आली आणि आम्ही दोघं एकदमच शिंकायला लागलो. पथारीवर मिरची उलथणारी माणसं सातपुड्यातून कामाला उतरलेली होती. त्यांच्यातलं एक जोडपं दुपारच्या भाकरीसाठी झाडाखाली निघालं. तिच्या गळ्यात चांदीचा जाड दागिना, त्याच्या खांद्यावर फडकं. दोघं त्यांच्या बोलीत काही बोलत होते आणि ती त्याला हातानं ढकलून हसत होती. त्यांचं बोलणं मला एक अक्षर कळलं नाही. पण ती दोघं खांद्याला खांदा लावून चालत होती आणि त्यांना त्याचं काहीच वाटत नव्हतं. मला त्या बाईचा हेवा वाटला. हे सरळ लिहिते, कारण तेव्हा यांना सांगितलं नव्हतं.

वाटेत यांनी मिरचीची आणि कांद्याची गरम भजी घेतली. गणपतीच्या देवळामागे सावलीत बसून पळसाच्या एकाच पानावर आम्ही ती खाल्ली. देवळात दुपारची सामसूम होती. मला वाटलं, विचारायचं तर आत्ताच.

"घर गया का मन्हासंगे बोलशात का?"

"बोलसू ना."

"दिवसना?"

"दिवसना बी."

"आबासमोर?"

यांनी एक भजं तोंडात घातलं आणि ते बराच वेळ चावलं. एवढं चावण्याइतकं ते भजं कडक नव्हतं. मग म्हणाले, "तू बी ना, काय काय इचारस." आणि पानातलं शेवटचं भजं माझ्याकडे सरकवलं. मी ते खाल्लं. भज्यानं उत्तर मिळत नाही हे मला कळत होतं, पण भजी चांगली होती.

शेवटी जिलबी. बाजाराच्या तोंडाशी एका गुजराती हलवायाचं दुकान होतं. मोठ्या कढईत तो फडक्यातून पीठ सोडत होता आणि बोटं फिरतील तशी जिलबी उमटत होती. आम्ही एक द्रोण घेतला आणि दुकानाच्या पायरीशी उभ्यानंच खाऊ लागलो. पाक माझ्या कोपरापर्यंत ओघळला. यांनी आपल्या उपरण्याच्या टोकानं तो पुसला. भर बाजारात, भर दिवसा. मला इतकं बरं वाटलं की मी मनातल्या मनात गावाकडच्या सगळ्या बायकांना ते दाखवून घेतलं.

आणि तेवढ्यात गर्दीच्या वर एक पांढरं डोकं दिसलं. घोडीचं.

ती घोडी आबांनी सारंगखेड्याच्या यात्रेतून आणलेली. पंचक्रोशीत तशी दुसरी नव्हती. आबांशिवाय तिच्यावर कोणी बसत नसे, मुलांना तिच्या लगामाला हात लावायची सोय नव्हती. आबा येणार असं कोणीच सांगितलं नव्हतं. नवा लगाम घ्यायचा म्हणून ते आपले दमणीच्या पाठोपाठ आले होते. घोडीवर ताठ बसून, लाल पागोटं, मिशा, दोन्ही बाजूंची दुकानं बघत आमच्याच दिशेनं येत होते.

यांनी द्रोण माझ्या हातात कोंबला, उपरणं झटकून खांद्यावर टाकलं आणि चालू लागले. एक, दोन, तीन, मी मोजली, बरोबर दहा पावलं. पुढे ती पाठ. माझ्या ओळखीची.

रीतीप्रमाणे मी दहा पावलांवरून निघायला हवं होतं. पाय उचललाही होता. मग माझ्या डोक्यात काहीतरी सणकलं आणि मी तो पाय जागच्या जागी खाली ठेवला. मी म्हटलं, मी काही दाव्याला बांधलेलं वासरू नाही. वळून बघतील तेव्हा जाईन.

हे वळले नाहीत. आबांच्या घोडीशी जाऊन उभे राहिले, काहीतरी बोलणं झालं आणि बापलेक गाडीतळाच्या रस्त्याला लागले. गर्दीत आधी पाठ दिसेनाशी झाली, मग घोडीचं डोकं.

आता पुढचं मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. ते सालदारानं सांगितलेलं आहे, आणि त्यानं ते पुढची वीस वर्षं प्रत्येक पेरणीला बांधावर बसून सांगितलं, तेव्हा त्यात खोट असेल तर ती त्याची.

गाडीतळावर बापलेक पोहोचले. हे पुढे, म्हणजे मी मागे असणारच, अशी यांची खात्री. मुलगा आला म्हणजे सून मागे आलीच, अशी आबांची खात्री. विचारायचं कोणी? बापासमोर मुलानं बायकोचं नाव काढणं म्हणजे लाज सोडणं, आणि सासऱ्यानं सुनेची चौकशी करणं त्याहून वाईट. सालदार तर गडीमाणूस, तो कशाला तोंड उघडतो? त्यानं बैल जोडले, दमणीच्या मागचा पडदा बाजूला केला, आणि बाईमाणूस चढताना बघू नये म्हणून तिघंही तोंड फिरवून उभे राहिले. हे आभाळाकडे, आबा घोडीकडे, सालदार बैलांकडे. मी जितक्या वेळात चढले असते तितका वेळ त्यांनी अगदी सभ्यपणे तिकडेच पाहिलं. मग आबा खाकरले. सालदारानं मागे हात घालून, न बघता, पडदा ओढून घेतला आणि दमणी निघाली.

इकडे मी पायरीवर बसले होते. उरलेली जिलबी खाल्ली, कारण राग अन्नावर काढू नये. हलवाई मधूनमधून बघत होता. शेवटी त्यानं विचारलं, "बेन, तमारा घरवाळा?"

"येतीन," मी म्हटलं.

"क्यारे?"

"मांगे दखतीन तवय."

त्याला काय कळलं देव जाणे. त्यानं आतून एक पाट आणून दिला आणि बशीत चहा दिला. भर बाजारात, हलवायाच्या दुकानात, एकटी बसून चहा पिणारी आमच्या घराण्यातली मी पहिलीच असेन. मी सावकाश, फुंकर घालून प्यायले.

गाडीतळ मला ठाऊक होता. तिथून हाकेच्या अंतरावर. मी केव्हाही उठून जाऊ शकत होते, आणि कोणाला काही कळलंही नसतं. हेच मला नको होतं. मी काही हरवले नव्हते, हे मला विसरले होते. मी गुपचूप जाऊन पडद्याआड बसले असते तर आयुष्यभर तशीच बसले असते. हलवायाच्या छपराची सावली तेव्हा रस्त्याच्या मध्यावर होती. मी ठरवलं की सावली पलीकडच्या शिंप्याच्या पायरीला लागेपर्यंत थांबायचं. त्यानंतर काय, ते मात्र मी ठरवलं नव्हतं.

सावली सरकत होती. निम्मा रस्ता, मग पाऊण. मी खंबीर बाई आहे, पण खोटं कशाला बोलू, सावली गटाराशी पोहोचली तेव्हा मी तिच्याकडे बघणं सोडलं. चार महिन्यांचं एक ताट, एक पाटी, आणि पांढरी घोडी दिसताच सगळं संपलं, असं वाटलं. मी शिंप्याची पाटी वाचत बसले. 'येथे सर्व प्रकारचे कपडे शिवून मिळतील.' परत वाचली. परत वाचली.

तिकडे दमणी नाक्यापर्यंत गेली होती. आबा घोडीवर पुढे, हे दमणीच्या बाजूनं पायी. बाजारात फिरताना यांनी माझी नजर चुकवून आलेपाकाच्या चार वड्या घेऊन खिशात टाकल्या होत्या, मला गाडी लागते म्हणून. आबांची पाठ आहे असं बघून यांनी हळूच पडद्याखालून हात आत घातला. वडी धरलेला हात तसाच राहिला. कोणी घेईना. यांनी हात इकडे फिरवला, तिकडे फिरवला, गाठोड्याला लागला, ताटाला लागून ताट वाजलं. सालदार सांगायचा, "मालकना हात पडदामा आनि तोंड असं पांढरंफट, जसं आत नाग शे."

मग यांनी पडदा वर केला.

सालदाराच्या म्हणण्याप्रमाणे हे नुसते दमणीबरोबर चालत राहिले. बैलांची वीसेक पावलं झाली असतील. त्या वीस पावलांत काय चाललं होतं ते यांनी मला कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मग हे ओरडले. बापाच्या पाठीला उद्देशून, भर रस्त्यात, नाक्यावरच्या माणसांसमोर.

"आबा! ती मांगेच ऱ्हायनी!"

आबांनी घोडी थांबवली. रिकाम्या दमणीकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं. आता उद्धार होणार म्हणून सालदारानं मान खाली घातली. आबा घोडीवरून उतरले आणि त्यांनी लगाम मुलाच्या हातात दिला.

सावली शिंप्याच्या पायरीपासून वीतभर दूर असताना बाजारात आरडाओरडा झाला. बायका बाजूला सरकल्या, एक टोपली उलटली, आणि आबांच्या पांढऱ्या घोडीवर, पागोटं नाही, उपरणं नाही, दोन्ही हातांनी आयाळ धरून माझा नवरा आला. यांना घोडी येत नव्हती. कोणी बसूच दिलं नव्हतं तर येणार कुठून? थांबवायची कशी तेही माहीत नव्हतं. ती बिचारी पाकाच्या वासानं आपली आपण थांबली.

हे उतरले. उतरले कसले, घसरले. माझ्यासमोर उभे राहिले आणि धापा टाकत राहिले.

"मी मांगे दखं नही," हे म्हणाले.

"माहीत शे."

"दखाले पाहिजे व्हतं."

मला रडू आलं. राग होताच, पण रडू त्याच्या आधी आलं. हलवाई कढईतलं तेल बघू लागला. मी पदरानं तोंड पुसलं आणि उठले. हे घोडीचा लगाम धरून निघाले आणि चार पावलांवर थांबले. वळले. मी यांच्या बरोबरीला येईपर्यंत उभे राहिले. बाजारातून नाक्यापर्यंत आम्ही तसेच गेलो. मध्ये घोडी, एका बाजूला हे, एका बाजूला मी. आलेपाकाची वडी यांनी घोडीच्या मानेखालून माझ्या हातात दिली. घामानं मऊ झाली होती.

नाक्यावर आबा आमच्याकडे पाठ करून उभे होते. मी दमणीत चढेपर्यंत वळले नाहीत. मग सालदाराला म्हणाले, पण मला ऐकू येईल असं, "गाडी हाकलानी पहिले जोडी दखी लेवानी. दोन्ही शेतस का एकच शे." सालदारानं बैलांकडे पाहिलं. बैल दोन्ही जागेवर होते.

माझी खरी परीक्षा मात्र पुढे होती, हे मला पडद्याआडही कळत होतं. नंदुरबारात आम्हाला कोणी ओळखत नव्हतं. एकदा बायको विसरलेला माणूस घाबरून घोडीवर बसतो, त्यात काय मोठं? गाव वेगळं.

दिवेलागणीला गावात शिरलो. आमच्या गावात मारुतीच्या पारापासून पुढे बायका गाडीत बसून जात नसत. मी उतरले. पारावर सगळी मंडळी होती, भाऊबंद, म्हातारे, तंबाखूवाले. आबा पुढे. त्यांच्यामागे हे. मी पदर ओढला आणि दहा पावलं सोडून निघाले. हे पारासमोरून गेले, रामराम झाला. पार मागे पडला. पाठ तशीच, ताठ. मी म्हटलं, बरं आहे. आपल्याला माहीतच होतं.

आणि हे थांबले. पाराच्या आणि आमच्या घराच्या बरोबर मध्ये, जिथून सगळ्यांना दिसेल तिथे, पूर्ण वळले.

"उनी का?" आलीस ना, असं मोठ्यानं विचारलं.

पारावरच्या माना वळल्या. मग कोणीतरी म्हणालं, "याले नंदुरबारनं वारं लागनं," आणि हशा पिकला. हे जागचे हलले नाहीत. कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला संधिप्रकाशातही दिसल्या.

"मी मांगेच शे," मी पदराआडून म्हटलं. माझाही आवाज काही लहान नव्हता.

'बाईलवेडा' हे नाव यांना त्याच रात्री पडलं आणि जन्मभर राहिलं. हे ते नाव नवं पागोटं मिरवावं तसं मिरवत.

मायनं उंबऱ्यावर भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि मला आत घेतलं. मी पाय धुऊन चुलीपाशी येईपर्यंत सालदारानं मागच्या दारी सगळं सांगून टाकलं होतं. पुरुषांची पंगत उठली. माय माझ्यासमोर भाकरी ठेवून बसली आणि हळूच म्हणाली,

"तेन्ही खरंच मांगे वळीसन दखं?"

"हा."

"आनि तुन्हा सासरानी घोडी दिन्ही? सोताना हाते?"

"हा, माय."

ती चुलीतल्या निखाऱ्यांकडे बघत राहिली. मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. पण ती मला बोलतच नव्हती.

"लगनना सालले मी सारंगखेडानी जत्रामा मांगे ऱ्हाई गयथू," माय म्हणाली. "बांगड्या दखत व्हतू. मान वर करी तं तुन्हा सासरा कोठेच नही. मंग चालत उनू. अंधार पडना व्हता. घर उनू तं ह्या जेवी ऱ्हायंतात. त्यासले माहीतच नही की मी मांगे व्हतू."

"तुम्ही सांगं नही?"

"काय सांगू? मी भाकर वाढी."

मग तिनं माझ्या भाकरीवर तुपाची धार धरली, घरात सुनेच्या भाकरीवर तूप पडत नसे तरी, आणि ती मांजराला हाकलायला उठून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा मळ्याकडे निघाले, घोडी लगामानं धरून, पायी. त्यांच्यामागे माय, डोक्यावर भाकरीची पाटी, रोजच्यासारखी दहा पावलं सोडून. मी दारात शेणसडा घालत होते. आबा वाटेवरच्या वाकलेल्या निंबापाशी पोहोचले आणि तिथे थांबले. लगामात काहीही अडकलेलं नव्हतं. ते मागे वळले नाहीत. वळायचं कसं ते त्यांना ठाऊकच नव्हतं. मान जराशी हलली आणि पुन्हा समोर गेली. पण ते उभे राहिले. माय दोन पावलांवर येऊन थबकली, तीही घोटाळली. मग ती त्यांच्या बाजूला आली, आणि दोघं निघाले.